हेझमधून संजीवनीकडे पाहताना

धारबांदोड्याच्या संजीवनी सहकारी साखर कारखान्याचं गाळप २०१९-२० पासून बंद आहे. गोव्यातला हा एकुलता एक साखर कारखाना. तो पुन्हा साखरेसाठीच सुरू करावा, तिथे इथेनॉलचा प्रकल्प आणावा, की जमीन आणखी कशासाठी वापरावी, यावर आमच्या गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सारखी चर्चा चालते. त्यात कुणी ना कुणी मला म्हणतंच, ‘तुमच्याकडे बघ, बंद कारखानेसुद्धा कसे जपतात!’ मी राहते त्या हेझमध्ये असा जपलेला कारखाना खरोखरच आहे.

हेझ हे लंडनच्या पश्चिमेला, हीथ्रो विमानतळाजवळचं उपनगर. भारतीय वस्तीचं साउथहॉल शेजारीच, त्यामुळे इकडे गोंयकार पुष्कळ. इथल्या ब्लाइथ रोडवर ग्रामोफोन कंपनीच्या कारखान्याची कोनशिला १९०७ साली गायिका नेली मेल्बा यांनी बसवली. कर्ण्यासमोर कान देऊन बसलेला कुत्रा ज्या तबकड्यांवर असायचा, तीच ही कंपनी. लाख, दगडाची पूड आणि काजळी यांचा तापवलेला गोळा धातूच्या दोन साच्यांमध्ये दाबायचा, साचा लगेच पाण्यानं थंड करायचा, कडा घासायच्या, की तबकडी तयार. त्यातली लाख जायची आपल्या देशातल्या जंगलांमधून. पुढे लाखेच्या जागी विनाइल आलं आणि बीटल्सच्या एलपी हेझमध्येच छापल्या गेल्या. १९३१ साली ही कंपनी कोलंबिया या दुसऱ्या तबकडी कंपनीबरोबर एकत्र येऊन ईएमआय (इलेक्ट्रिक अँड म्युझिकल इंडस्ट्रीज) झाली. सीटी स्कॅनचं यंत्रही ईएमआयच्या हेझमधल्या प्रयोगशाळेतलंच, गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी बनवलेलं. त्यासाठी त्यांना १९७९ चं नोबेल मिळालं. गोव्यात बांबोळीच्या इस्पितळात ज्या यंत्राखाली आपली माणसं झोपतात, त्याचं मूळ तबकड्यांच्या कंपनीत आहे याचं मला अजून नवल वाटतं.

आज त्या जागेवर फ्लॅट आहेत. १९१२ ची काँक्रीटची एंटरप्राइझ हाउस ही इमारत संरक्षित वारसा म्हणून उभी आहे, बाकीच्या काही जुन्या इमारती दुरुस्त केल्या आहेत, आणि त्या सगळ्या वसाहतीला ‘ओल्ड विनाइल फॅक्टरी’ असं नाव दिलं आहे. भिंती नीट राखल्या, हे मान्य. पण कामाची पाळी सुटल्यावर रस्ता माणसांनी भरून जायचा तो काळ संपला. इथली बरीच माणसं आता विमानतळावर, गोदामांत, हॉटेलांत राबतात, आणि आम्ही गोव्याहून आलेलेही तेच करतो. मुंबईच्या गिरण्यांचंही असंच झालं. गिरणगावात ज्यांचे काका-मामा होते, त्यांना हे सांगायला नको. म्हणून ‘परदेशात जपतात’ हे वाक्य मला पुरतं पटत नाही. कारखाना ज्यांच्यामुळे चालत होता, त्यांच्या हातात काय उरलं, हे त्यात कुणी विचारतच नाही.

एक गोष्ट मात्र हेझकडून जरूर घ्यावी. ईएमआय आर्काइव्ह ट्रस्टनं कंपनीचे जुने कागद, तबकड्या आणि यंत्रं इथेच हेझमध्ये सांभाळून ठेवली आहेत. हे मोल आपल्याला कळायला हवं. गोव्यातल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकरांची भैरवी तबकडीवर मुद्रित झालेली होती, म्हणूनच १९७७ साली व्हॉयजर यानाबरोबर ती अंतराळात जाऊ शकली. त्यांच्या मैफलींना बसलेल्यांच्या आठवणी किती दिवस पुरल्या असत्या?

संजीवनीच्या बाबतीत माझं म्हणणं सरळ आहे. कारखाना सहकारी आहे. सांगे, धारबांदोडा, केपे, काणकोण, सत्तरी इथल्या शेतकऱ्यांनी आपल्या शिवारातला ऊस त्याच्या काट्यावर नेऊन घातला. गाळप थांबल्यावर त्यांना घाटापलीकडच्या कर्नाटकातल्या कारखान्याकडे बघावं लागलं, कित्येकांनी ऊस लावणंच सोडलं. सरकारनं मदत दिली, पण मदतीवर पुढची लागवड ठरवता येत नाही. त्या जमिनीचं काय करायचं ते आधी या ऊस उत्पादकांना विचारा, इथेनॉल असो वा आणखी काही. निर्णय पणजीत घ्यायचा आणि धारबांदोड्याला नंतर कळवायचा, असं होता कामा नये. इथे हेझमध्ये बांधकामाचा प्रत्येक अर्ज नगरपालिका लोकांसमोर ठेवते, कुणीही हरकत लिहून देऊ शकतो. त्यानं सगळं हवं तसं होतं असं नाही, पण निदान आधी कळतं.

आणि यंत्रं भंगारात काढण्याआधी कागद बाहेर काढा. गळीत हंगामांच्या नोंदी, काट्याच्या पावत्या, सभासदांची वही, हजेरीपट. बॉयलरवर आणि चरकावर आयुष्य घालवलेली माणसं अजून आहेत, त्यांच्याकडून काम कसं चालायचं ते ध्वनिमुद्रित करून घ्या. त्याला एक फोन पुरतो. पणजीच्या पुराभिलेख खात्यात पोर्तुगीज राजवटीचे शेकडो वर्षांचे दस्तऐवज नीट लावून ठेवले आहेत. धारबांदोड्याच्या उसाच्या वह्यांसाठी तिथे एक कपाट मागायला काय हरकत आहे? मागणीच्या पत्राचा मसुदा मी लिहून देते. सह्या तिकडच्याच हव्यात.