५८९ रुपये भरून टाकायचे का?

वारज्यातल्या फ्लॅटसाठी होम लोनची फाइल टाकली आणि चौथ्या दिवशी एजंटचा फोन. "ताई, सिबिलमध्ये अडकतंय. एक क्रेडिट कार्ड राइट-ऑफ दिसतंय." (सिबिल म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या इतिहासाचा रिपोर्ट; राइट-ऑफ म्हणजे बँकेने बुडीत धरलेली बाकी.)

कुठलं कार्ड? २०१८ मध्ये बंद केलेलं, कात्रीने तुकडे करून. त्यानंतर बँकेने त्यावर वार्षिक फी लावली. ४९९ आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५८९ रुपये. ना बिल, ना फोन. थेट रिपोर्टवर डाग.

सगळ्यांचा सल्ला एकच, "५८९ च तर आहेत, भरून टाक ना." इथेच माझं डोकं सरकलं. भरले की ते देणं माझंच होतं हे मी कबूल केलं! आणि भरले तरी राइट-ऑफचा इतिहास पुसला जात नाही. (पाचशे रुपयांसाठी भांडते, पुणेरीच ती, असं म्हणणाऱ्यांनी खुशाल म्हणावं.)

बाबांच्या जिवावर वाचले. कागद फेकणं त्यांना पाप वाटायचं. माळ्यावरच्या ट्रंकेत, विजेची बिलं आणि गॅसच्या पावत्यांच्या मध्ये बँकेचं पत्र निघालं. स्टेपलरच्या पिनेचा गंज उमटलेला, पंचिंगचं भोक बरोब्बर कार्ड नंबरच्या एका आकड्यावर, पण शिक्का स्वच्छ : खाते बंद, येणे शून्य.

ते स्कॅन करून रिपोर्टवाल्या कंपनीकडे ऑनलाइन डिस्प्यूट टाकला. त्यांचं उत्तर, बँकेने होकार दिल्याशिवाय आम्ही काही बदलू शकत नाही. नियम तसाच आहे, मान्य. मग शाखेत गेले. "मॅडम, ते आमच्या हातात नसतं, वरून सिस्टीममधून येतं." म्हणजे चूक त्यांच्या सिस्टीमची आणि पुरावा शोधायचा मी. ज्याच्या घरी माळा नाही, ट्रंक नाही आणि कागद जपणारे बाबा नाहीत, त्याने काय करायचं?

एप्रिल २०२४ पासून रिझर्व्ह बँकेचा एक नियम लागू आहे, तो मात्र शाखेत कुणी आपणहून सांगणार नाही. तक्रार ३० दिवसांत मिटली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये तक्रारदाराला मिळायला हवेत. बँकेने २१ दिवसांत दुरुस्ती कळवली नाही तर ते बँकेने द्यायचे; बँकेने वेळेत कळवूनही कंपनी रखडली तर कंपनीने. मी हे काउंटरवर म्हटल्यावर समोरच्या मुलाने आधी माझ्याकडे आणि मग साहेबांच्या केबिनकडे पाहिलं. तिथेही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी नाही.

सत्तेचाळिसाव्या दिवशी दुरुस्ती झाली. १७ दिवसांचे १७०० रुपये आपणहून आले नाहीत, एक खरमरीत मेल लिहावा लागला. मग आले.

तेवढ्यात शहाणपण सुचलं आणि बाकीचे रिपोर्टही काढले. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क, या चारही रिपोर्टवाल्या कंपन्यांकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, आणि आपला आपण काढला म्हणून स्कोअर घसरत नाही. बँकेने दुरुस्ती चारही ठिकाणी कळवायला हवी होती. एका ठिकाणी ते ५८९ रुपये अजून तसेच बसलेत.

नवी तक्रार टाकली आहे. आजचा सहावा दिवस.