दोनच तर वायरी आहेत

आपल्याकडे इंजिन उघडं पडलेलं असलं की लोक लांबूनच बघतात, गिअरबॉक्सच्या तर वाट्यालाच जात नाहीत, पण चार रंगीत वायरी लोंबताना दिसल्या की सोसायटीच्या सेक्रेटरीपासून दूधवाल्यापर्यंत प्रत्येक जण इलेक्ट्रिशियन होतो आणि सगळ्यांचं वाक्य एकच, "त्यात काय एवढं, एक प्लस एक मायनस, दोनच तर वायरी आहेत." मावसभाऊ आणि मी मिळून गाडी बनवतोय हे कळल्यावर पाइपची चॅसी कशी वेल्ड केली, फायबरची बॉडी कुठून आणली असलं काही कोणी विचारलं नाही. वायरिंग मात्र सगळ्यांना येत होतं.

गाडी म्हणजे वागळे इस्टेटमधल्या एका मित्राच्या गाळ्यात उभा असलेला दोन सीटचा सांगाडा, त्यात मारुती ८०० चं ७९६ सीसी तीन सिलिंडरचं इंजिन. मूळ कल्पना अर्थातच लोटस सेव्हनची. १९५७ साली इंग्लंडात ती गाडी आली तेव्हा सुट्या भागांत घेतली तर पर्चेस टॅक्स लागायचा नाही, अट एवढीच की सोबत जोडणीचं पुस्तक द्यायचं नाही, म्हणून म्हणे कंपनी गाडी सुटी कशी करायची याची माहिती द्यायची आणि गिऱ्हाइकाने ती शेवटाकडून वाचत यायची. डोकं बघा एकेकाचं! आमच्याकडे सुलटं पुस्तक नव्हतं आणि उलटंही नव्हतं. मावसभावाने व्हॉट्सॲपवर पाठवलेला वायरिंग डायग्रामच्या झेरॉक्सचा फोटो तेवढा होता. त्यात बी म्हणजे ब्लॅक, बीएल म्हणजे ब्लू, बीआर म्हणजे ब्राऊन आणि झेरॉक्स काढताना नेमकं सगळीकडचं दुसरं अक्षर उडालेलं, त्यामुळे आमच्या कागदावरची गाडी पूर्ण काळी.

हार्नेस, म्हणजे गाडीतल्या सगळ्या वायरींचा टेप गुंडाळून बांधलेला जुडगा, कुर्ल्याच्या भंगार बाजारातून आणला. तो गोणीत भरून लोकलने ठाण्याला आणताना शेजारच्या गृहस्थांनी "केबलचं काम का?" विचारलं, मी हो म्हटलं, तर घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत त्यांच्या बिल्डिंगमधल्या केबलवाल्याची तक्रार ऐकावी लागली.

प्लॅन साधा होता. मूळ गाडीत हीटर, आतला दिवा, टेप, स्पीकर असलं बरंच काय काय, आपल्या गाडीला छप्परसुद्धा नाही, मग नको त्या वायरी काढून टाकायच्या, उरलेल्या आखूड करायच्या, वजन कमी. गाळ्यात दिवसभर ग्राइंडर चालतो म्हणून हे नाजूक काम घरी आणलं, घोडबंदर रोडला, आमच्या हॉलमध्ये. हार्नेस टीव्हीखालून निघून सोफ्याला वळसा घालून देवघराच्या दारात संपत होता. आई म्हणाली, "अरे, निदान देवासमोरून तरी ती शेपटी उचल." कामवाल्या मावशींनी त्याच्याभोवतीने केर काढला आणि जाताना विचारलं, "दादा, लाइट गेलीय का तुमची?"

जुन्या हार्नेसवरची टेप काढणं हा एक वेगळाच भोग आहे. ठाण्याच्या दमट हवेत त्या टेपचा गोंद पाघळून काळी चिकी झालेली असते, ती नखात जाते, लादीवर उमटते, फोनच्या स्क्रीनला लागते आणि रॉकेल शोधायला जावं तर रॉकेल आता मिळत कुठे? टेपखाली आधीच्या मालकांचा सगळा इतिहास निघाला. कुणीतरी कधीतरी गाण्यांचा टेप बसवला होता, मग कुणीतरी रिमोट लॉक, मग कुणीतरी रिव्हर्सला गाणं वाजवणारा हॉर्न आणि प्रत्येकाने जी वायर हाताला लागली ती दाताने सोलून तिथे पीळ मारून दिला होता. एका सांध्यात काडेपेटीची काडी आधाराला घातलेली. एका फ्यूजवर सिगरेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळलेला, म्हणजे ज्याने जळून गाडी वाचवायची त्यालाच चिलखत! त्या रिव्हर्सच्या हॉर्नची वायर धरून मागे मागे गेलो तर ती फ्यूल पंपाच्या लाइनला जोडलेली. गाडी मागे घेताना गाणं वाजायचं ते पेट्रोलच्या वाट्याच्या करंटवर.

त्यात आमचं इंजिन एमपीएफआय, म्हणजे पेट्रोल किती सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवणार. कार्बोरेटरवालं असतं तर इग्निशनला करंट दिला की झालं असतं, इथे ईसीयू, म्हणजे तोच कॉम्प्युटर, बसलाय, त्याला तीन इंजेक्टर, थ्रॉटलचा सेन्सर, पाण्याच्या तापमानाचा सेन्सर, ऑक्सिजन सेन्सर असा सगळा गोतावळा लागतो आणि त्यातलं कोण रुसलं की चेक इंजिनचा दिवा. त्या वायरींना हात लावायचा नाही हे आमचं आधीच ठरलेलं. त्या लांब होत्या त्या लांबच ठेवल्या, घडी घालून डॅशखाली कोंबल्या. बायको म्हणाली, "मग आखूड काय केलंत?"

खरी गंमत गाळ्यात हार्नेस बसवल्यावर झाली. पत्र्याच्या गाडीत बॅटरीचा मायनस बॉडीला जोडलेला असतो, म्हणजे अख्खी गाडीच मायनस वायर, दिव्याला प्लस नेला आणि दुसरं टोक जवळच्या बोल्टला आवळलं की काम झालं. आमची बॉडी फायबरची. फायबरमधून करंट जात नाही हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं, पण त्याचा अर्थ प्रत्येक दिव्याला, हॉर्नला, वायपरच्या मोटरला परतीची वेगळी वायर ओढायची हे समोर आल्यावर मावसभाऊ बराच वेळ पान्हा हातात धरून नुसता उभा राहिला. वायरी कमी करायला बसलो होतो!

ओढल्या. डाव्या टेललॅम्पची अर्थ, म्हणजे ती परतीची वायर, तेवढी नीट लागली नव्हती आणि तिने जी करमणूक केली ती विचारू नका, ब्रेक दाबला की पुढचे पार्किंग लाइट आणि मीटरमधला दिवा मिणमिणायचा. करंटला परतीचा रस्ता सापडला नाही की तो टेललाइटच्या फिलामेंटमधून उलटा घुसतो आणि ज्या दिव्याला अर्थ आहे त्याच्यातून बाहेर पडतो, घोडबंदरला ट्रॅफिक तुंबलं की रिक्षावाले ढोकाळी-कोलशेतच्या आतल्या रस्त्यांनी काढतात तसं. हे मला शेजारच्या गल्लीतल्या वायरिंगवाल्या काकांनी टेस्ट लॅम्पचं टोक इथे तिथे टोचत चहा संपायच्या आत दाखवलं. मल्टिमीटरकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. "साहेब, करंट गेला कुठं ते शोधायचं नाय, परत आला का ते बघायचं," एवढं बोलून त्यांनी अर्थच्या टोकाचं थिंबल घासलं, आवळलं, दिवे शहाण्यासारखे वागायला लागले. पैसे विचारले तर म्हणाले, "आधी ते हेडलाइटला रिले लावा, साठ साठ वॅटचे दोन बल्ब, दहा अँपिअर त्या बिचाऱ्या स्विचमधून ओढताय, वितळेल." रिले म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, म्हणजे अजून वायरी. रिलेच्या तीस, पंच्याऐंशी, शहाऐंशी, सत्त्याऐंशी अशा चार टांगा, प्रत्येक टांगेला एक.

तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी, ज्यांचा इथे काही संबंध नव्हता पण वागळेत कामाला आले होते म्हणून डोकावले, त्यांनी विचारलं, "पासिंग होईल का हिचं?" होणार नाही. कंपनीने नोंदवलेल्या माहितीत फरक पडेल असा बदल मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ करू देत नाही, २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही तेच बजावलं आणि आमच्या गाडीत बदल न केलेली वस्तू शोधावी लागते. ती टेम्पोतून मुरबाडला मावशीच्या शेतावर जाणार आणि बांधाबांधाने फिरणार. "मग इंडिकेटर कशाला लावलेत?" सेक्रेटरी म्हणाले. या प्रश्नाचं उत्तर आम्ही दोघंही अजून शोधतोय.

किल्ली फिरवली तेव्हा मागून फ्यूल पंपाचा दोन सेकंद कुंईं आवाज आला आणि थांबला, तसाच थांबायला हवा असतो, मग सेल्फ मारला आणि इंजिन लागलं, चेक इंजिनचा दिवा विझला. मावसभावाने पहिल्यांदा काय केलं असेल तर डावा इंडिकेटर दिला.

काढलेल्या वायरींचं गाठोडं घरी पडून होतं. भंगारवाला म्हणाला, प्लॅस्टिकसकट वेगळा भाव, सोललेल्या तांब्याचा भाव कितीतरी जास्त. ज्या आईने आठवडाभर हॉलमधल्या त्या शेपटीवरून मला ऐकवलं होतं ती संध्याकाळी मालिका लावून, पुढ्यात पेपर पसरून, भाजीच्या सुरीने एकेक वायर सोलत बसली आणि मला सुरी धरायची कशी तेही शिकवलं. किती पैसे आले ते तिने कुणाला सांगितलेलं नाही. परवा मावसभाऊ आला तर त्याला पाणी द्यायच्या आधी विचारलं, "अरे, त्या गाडीतनं अजून काही काढायचं राहिलंय का?"