‘फ्रीसाउंडवरचं सगळं फुकट, नाव द्यायची गरज नाही’ – हे खरं नाही

नागपुरात शॉर्टफिल्म, रील आणि लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्यांच्या ग्रुपांवर फ्रीसाउंडबद्दल, म्हणजे लोकांनी रेकॉर्ड केलेले आवाज जिथून डाउनलोड करता येतात त्या साइटबद्दल, एक मेसेज फिरतोय: ‘फ्रीसाउंडवरचे आवाज कॉपीराइट-फ्री आहेत. नाव द्यायची गरज नाही. सात सेकंदांच्या आत वापरला किंवा पिच बदलला, तर कोणी काही करू शकत नाही.’

आधी ‘कॉपीराइट-फ्री’. फ्रीसाउंड २००५ मध्ये बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठातल्या गटाने सुरू केलं. तिथे परवाना साइटचा नसतो, त्या त्या आवाजाचा असतो. रेकॉर्ड करणारा तो स्वतः निवडतो. सीसी म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स, हे परवाने तयार करणारी संस्था. सीसी झीरो असेल तर नाव न देताही वापरा. मेसेज खरा आहे तो एवढ्यापुरताच. सीसी बाय असेल तर पैसे कमवा, पण नाव द्या. सीसी बाय-एनसी असेल तर नाव द्या आणि धंद्यात वापरू नका. लग्नाच्या व्हिडिओचे पैसे घेता, म्हणजे एनसी तुमच्या कामाचा नाही. जुन्या फाइलींवर सॅम्पलिंग प्लस हा परवानाही सापडतो. क्रिएटिव्ह कॉमन्सने तो २०११ मध्ये बंद केला, तरी त्या फाइलींना त्याच्या अटी लागूच आहेत. म्हणून शोधतानाच लायसन्सचा फिल्टर लावायचा, एडिट संपल्यावर नाही.

सात सेकंदांचा नियम कुठून आला कोण जाणे. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात सेकंदांची सूट नाही. कलम ५२ मधले अपवाद हेतूचे आहेत: खासगी वापर, समीक्षा, बातमी वगैरे. शिवाय दाराच्या कडीची अख्खी फाइलच दीड सेकंदाची असते. ती ‘सात सेकंदांच्या आत’ घेतली म्हणजे कोणाचं तरी पूर्ण काम उचललं.

पिच, म्हणजे स्वराची उंची, बदलल्याने आवाज तुमचा होत नाही. उलट सीसी बायच्या ४.० या आवृत्तीत बदल केला असेल तर तो सांगावा लागतो.

आता नाव देण्याबद्दल, कारण खरी गडबड इथेच होते. शेवटच्या पाटीवर नुसतं ‘साउंड: फ्रीसाउंड’ लिहिलं की श्रेय गोदामाला मिळतं, भर पावसात माइक धरून बसलेल्याला नाही. ओळ अशी हवी: आवाजाचं नाव, टाकणाऱ्याचं तिथलं नाव, पानाची लिंक, परवाना, केलेला बदल. उदाहरणार्थ शेवटी ‘पहिले ४ सेकंद कापले’. डाउनलोड झालेल्या फाइलीच्या नावातच आवाजाचा क्रमांक, टाकणाऱ्याचं नाव आणि शीर्षक असतं. आपण टाइमलाइनवर घेताना तिचं ‘पाऊस१’ करतो आणि महिनाभराने कोणाचा पाऊस होता ते सापडत नाही. मूळ नाव पुसू नका, पुढे आपला शब्द जोडा. श्रेय द्यायचं राहिलंच, तर ४.० परवान्यात वाट आहे: चूक कळल्यापासून ३० दिवसांत दुरुस्त केली की रद्द झालेला परवाना आपोआप परत लागू होतो.

एक गोष्ट मेसेजमध्ये नाही, पण अडकवते तीच. समजा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कोणी मारबतीची, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्याची, मिरवणूक रेकॉर्ड केली, ‘घेऊन जा गे मारबत’च्या आरोळीमागे डीजेवर सिनेमाचं गाणं आलं, आणि फाइल सीसी झीरो म्हणून चढवली. गाण्याचे हक्क त्याने मोकळे होत नाहीत. जे आपलं नाही ते सोडता येत नाही. अशी फाइल घेण्याआधी हेडफोन लावून शेवटपर्यंत ऐका.

आणि मारबत तुम्हीच रेकॉर्ड करत असाल, तर डीजेपासून लांब, ढोल-ताशाच्या बाजूला उभे राहा. रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर ठेवा. सर्वांत जोरदार थाप रेकॉर्डरच्या मीटरवर उणे १२ डीबीच्या आसपास येऊ द्या, नाहीतर आवाज फाटतो आणि तो मागाहून सुधरत नाही. गाणं घुसलं तिथे कापा. उरलेलं स्वच्छ अर्धं मिनिटही सीसी झीरोत टाकण्याजोगं आहे.