इर्जिक फुकट नव्हती

दर उन्हाळ्यात, नांगरटीच्या सुमारास, व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज हमखास येतो. 'इर्जिक' हा शब्द 'ऊर्जा'वरून आला. कुणाचं रान पडून राहिलं की सारा गाव नांगर घेऊन धावायचा, तेही फुकट. सावड, पैरा, वारंगुळा ही इर्जिकीचीच नावं. जुन्या ग्रामीण कादंबऱ्यांत हे सगळं वाचायला मिळतं. पुढं माणसाला पैशाची हाव सुटली आणि इर्जिक संपली. खाली हात जोडल्याची चित्रं.

ऊर्जेचं आधी उरकून टाकतो. संस्कृतातला 'र्ज' लोकांच्या तोंडी पिढ्यानपिढ्या झिजला की 'र' गळतो. 'गर्ज'चं गाजणं झालं, 'खर्जू'ची खाज झाली. इथं तो 'र' ठणठणीत आहे, इतका की कित्येक जण 'इरजिक' असंच म्हणतात. शिवाय नांगर धरणाऱ्याच्या तोंडी बळ, जोर, ताकद असायची. ऊर्जा शाळेच्या पुस्तकातली.

नावांची सरमिसळ मात्र जास्त खटकते. पैऱ्यात हिशेब असतो. आज तू माझ्या रानात, उद्या मी तुझ्या, म्हणून तर पैरा 'फेडतात'. वारंगुळ्यात अपुरी बैलं असलेले दोघे आपापली जनावरं एकत्र जुंपतात आणि पाळीपाळीनं दोघांची रानं करतात. सावड कोकणात भातलावणीला चालते. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात उतारावर भातखाचरं काढायला जमतात, ती पडकई. इर्जिकीत एका दिवसात एकाचंच रान उरकायचं, त्यासाठी पाच-दहा घरची औतं यायची आणि सगळ्यांचं जेवण रानमालकाकडं असायचं.

त्या जेवणातच 'फुकट'चं उत्तर आहे. काळ्या रानात लाकडी नांगराला तीन-तीन, चार-चार बैलजोड्या लागायच्या. एवढी जनावरं एकट्याच्या दावणीला कुठून असणार? म्हणजे शेजारी यायचे त्यात माया असेलही, पण त्याआधी गरज होती. आज गेलो नाही तर उद्या माझ्या रानात कोण येईल, हे प्रत्येकाला कळत होतं. दहा बैलजोड्या बोलावल्या तर दहा माणसांच्या भाकरी आणि वीस बैलांची वैरण आलीच. ज्याच्या कणगीत दाणा नाही, त्यानं इर्जिक घालायची कशी? आणि ज्याला रानच नाही, त्याच्यासाठी या शब्दात जागाच नव्हती.

कादंबऱ्यांची साक्ष काढणाऱ्यानं त्या वाचल्यात का, अशी शंका येते. माणदेशातल्या धनगरांच्या वस्तीवरची व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' 1955 सालची. तिच्यातल्या शेकूपाशी बैल एकच. मग जुवाच्या दुसऱ्या बाजूला कोण येतं? त्याची बायको. गाव नांगर घेऊन धावत असता तर हा प्रसंग लिहायची वेळ आली नसती. बरं, हीच वाडी मास्तरांच्या नादानं तालमीची इमारत उभी करायला राबते. म्हणजे माणसं एकत्र येत नव्हती असं नाही. पेरणीच्या घाईत ज्याला त्याला आपलं रान दिसतं, एवढंच.

राहिली पैशाची हाव. आनंद यादवांच्या 'गोतावळा'त (1971) मळ्यावरचा गडी नारबा कागलकडच्या बोलीत स्वतःच सगळं सांगतो. मालक ट्रॅक्टर आणतो आणि नारबाचा गोतावळा, म्हणजे बैलं-जनावरं, एकेक करून जातो. इर्जिक याच वाटेनं गेली. तासावर भाड्यानं येणाऱ्या ट्रॅक्टरला शेजारच्या चार जोड्या लागत नाहीत. बैल गेल्यावर औतं आणायची कुठून?

मेसेजातलं एक वाक्य मात्र सोळा आणे खरं आहे: 'त्या दिवशी घरात सण असायचा.' आमच्या आजीला इर्जिकीचं विचारलं की आजोबा मध्येच मटणाच्या रश्श्यावर घसरायचे. ती म्हणायची, "व्हय, सण तुमचा. मी पहाटे तीनला परात घिऊन बसायची, ते दिवस मावळूस्तवर."