मधला दांडा

ठाण्यात आमची पद्मिनी गाडी होती तेव्हा पुढच्या लांबलचक सीटवर आम्ही तिघं बसायचो. स्टिअरिंगला बाबा, खिडकीशी आई, मधे मी. गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच असल्यामुळे मधल्याच्या गुडघ्यांना त्रास नसे. त्रास मनाला व्हायचा. शेजारच्या काकांच्या मारुतीत दांडा थेट जमिनीतून उगवलेला! काका तो खाडकन ओढायचे तेव्हा गाडी नव्हे, विमान उडवताहेत असं वाटायचं. आमचा दांडा भर चौकात दोन गिअरांच्या मधे अडकायचा. मग बाबा उतरून बॉनेट उघडत आणि आतल्या सळ्यांना हातानं गुदगुल्या करत. मागचे लोक हॉर्न वाजवून प्रोत्साहन देत.

हा सल मी थेट मिशिगनला घेऊन आलो. इथे डेट्रॉइटजवळ मी एक १९७० ची शेव्हरोले मालिबू घेतली. गिअरबॉक्स ऑटोमॅटिक, टर्बो हायड्रामॅटिक ३५० नावाचा, पुढे जायला तीनच गिअर. आणि दांडा? स्टिअरिंगला! अमेरिकेनं तीसच्या दशकाच्या अखेरीस तो जमिनीवरून उचलला, म्हणजे पुढे तिसरा माणूस सुखानं बसेल. माझ्या नशिबात दोन्ही खंडांत तेच.

मी फ्लोअर शिफ्टरचा, म्हणजे जमिनीतून उगवणाऱ्या दांड्याचा, किट मागवला. आई-बाबा उन्हाळ्यापुरते आले होते.

"चालतोय ना आहे तो? मग कशाला हात लावतोस?"

"एका शनिवारचं काम आहे, बाबा."

गाडीच्या मधोमध, गिअरबॉक्सवर, पत्र्याचा फुगीर बोगदा असतो. त्याला भोक पाडायचं. मी सीट काढून, पुठ्ठ्याचा नमुना करून, तीनदा मोजून भोक पाडलं. सीट परत बसवली, तर दांडा शेवटच्या गिअरला जाण्याआधीच सीटवर आपटायला लागला. मग चार बोटं पुढे दुसरं भोक.

"पहिलं कशाचं?" बाबांनी विचारलं.

"हवेचं."

शिफ्टरपासून गिअरबॉक्सपर्यंत जाड केबल जाते. ती म्हणजे हट्टी म्हैस. तिला आखूड वळण चालत नाही, आणि सायलेन्सरच्या पाइपला टेकली तर वितळते. एक अख्खा शनिवार मी गाडीखाली उताणा पडून तिची समजूत काढत होतो.

पुढचा शनिवार किल्लीनं खाल्ला. जनरल मोटर्सनं १९६९ पासून किल्ली स्टिअरिंगच्या नळीवर आणली. जुना दांडा 'पी'त, म्हणजे पार्किंगला, असेल तरच ती बाहेर निघते. मी तर दांड्याची खालची सळीच सोडवलेली, त्यामुळे तो लोलकासारखा लटकत होता आणि किल्ली अडकून बसली. शेवटी दांडा 'पी'वर नेऊन झिप टायनं करकचून बांधला. किल्ली निघाली! मी स्वतःवर बेहद्द खूश.

गंमत अशी, की गाडी फक्त 'पी' किंवा 'एन'मध्येच (न्यूट्रलमध्ये) सुरू होऊ देणारा स्विचही त्याच नळीवर असतो. जुना दांडा कायमचा बांधल्यावर स्विचच्या मते गाडी आता जन्मभर 'पी'तच. हे मला तेव्हाच उमगायला हवं होतं. मी पेशानं इंजिनिअर आहे.

नवा दांडा काही केल्या 'पी'त जाईना. म्हटलं, नवीन आहे, घट्ट असणार. 'एन'वर ठेवून किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या फटक्यात गरजलं आणि गाडी शांतपणे मागे निघाली. केबल एक घर चुकली होती. दांडा म्हणत होता 'एन', गिअरबॉक्स म्हणत होता 'आर', म्हणजे रिव्हर्स. मी ब्रेक मारेपर्यंत ड्राइव्हवेवरचा रिसायकलिंगचा डबा आडवा झाला होता. गल्लीभर पसरलेले दुधाचे प्लास्टिकचे कॅन बाबांनी निमूट गोळा केले. काही बोलले असते तर बरं झालं असतं.

केबल एक घर सरकवली, नवा स्विच शिफ्टरखाली बसवला आणि ऑगस्टातल्या वुडवर्ड ड्रीम क्रूझला, म्हणजे जुन्या गाड्यांच्या मिरवणुकीला, आम्ही वेळेत निघालो. पुढच्या सीटवर आता मधे दांडा, म्हणजे बसणार दोघंच. आई म्हणाली, "तुम्ही दोघं पुढे बसा, मी मागे बसते." बाबा म्हणाले, "मी आईबरोबर बसतो."

मी एकटाच पुढे. दांडा खाडकन ओढला आणि गाडी डौलात वुडवर्ड अव्हेन्यूला लागली. मागून खांद्यावर टकटक झालं.

"मीटर टाकलास का रे?"