डेव्ही क्रॉकेटचं ‘ते’ भाषण

सरकारने कुणाला मदत जाहीर केली की हा किस्सा हमखास फिरायला लागतो. अमेरिकी काँग्रेसचा सदस्य डेव्ही क्रॉकेट जॉर्जटाऊनच्या जळीतग्रस्तांना 20,000 डॉलर देण्याच्या बाजूने मत देतो. पुढे होरेशियो बन्स नावाचा शेतकरी ‘लोकांचा पैसा दान करणारा तू कोण?’ म्हणत त्याचे कान उपटतो. मग एका नौदल अधिकाऱ्याच्या विधवेला मदत देण्याविरुद्ध क्रॉकेट असं भाषण ठोकतो की विधेयक आपटतं.

आधी तारखा बघा. 20,000 डॉलर दिले गेले ते वॉशिंग्टनजवळच्या अलेक्झांड्रियाच्या आगीसाठी, जानेवारी 1827 मध्ये. क्रॉकेट निवडून आला त्याच वर्षी ऑगस्टमध्ये. सभागृहात पाऊल ठेवण्याआधीच त्याने मत दिलं कुठून?

विधवेच्या प्रकरणात तथ्य आहे. एप्रिल 1828 मध्ये जनरल जेकब ब्राऊन यांच्या पत्नीला द्यायच्या मदतीला क्रॉकेटने विरोध केला, स्वतःच्या खिशातून वाटा उचलायची तयारीही दाखवली. पण ब्राऊन भूदलाचे सेनापती होते, नौदलाचे नव्हेत. आणि विधेयक मंजूर झालं! कामकाजाच्या नोंदीत क्रॉकेटचं म्हणणं अगदी त्रोटक आहे. सगळीकडे फिरतं ते लांबलचक भाषण छापून आलं 1867 मध्ये, हार्पर्स मासिकात. क्रॉकेट 1836 मध्येच टेक्सासमधल्या अलामोच्या लढाईत मारला गेला होता.

राहता राहिला ‘सरकारने कुणाला काही देऊ नये’ म्हणणारा क्रॉकेट. हे तर त्याच्या आयुष्याशीच जुळत नाही. 1821 मध्ये तो टेनेसीच्या विधिमंडळात असताना शोल क्रीकला पूर आला आणि त्याची पिठाची गिरणी नि बंदुकीच्या दारूचा कारखाना, दोन्ही वाहून गेले. धान्य दळता येईना, म्हणून मद्याची भट्टीही थंडावली. कर्जाने पिचलेला हा माणूस पश्चिम टेनेसीत ओबायन नदीकडे नव्याने शेती करायला गेला. तिथले शेजारीही तसेच: जंगल तोडून मका लावलेला, पण जमिनीचा कागद हातात नाही. उत्तर कॅरोलिनाने (टेनेसी आधी त्याच राज्यात होतं) अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धातल्या सैनिकांना दिलेली जुनी जमीनपत्रं घेऊन सट्टेबाज यायचे आणि चांगली जमीन गिळायचे. क्रॉकेटचं सगळं राजकारण या दुखण्याभोवती फिरलं. केंद्राच्या ताब्यातली जमीन अशा कसणाऱ्यांना प्रत्येकी 160 एकरांपर्यंत थेट द्या, अशी त्याची काँग्रेसमध्ये मागणी होती. (बन्सला हे कळलं असतं तर पुन्हा कान उपटले असते.) याच पायी टेनेसीच्याच जेम्स पोकशी (Polk, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले) त्याचं बिनसलं. त्याचं हे जमिनीचं विधेयक त्याच्या हयातीत काही मंजूर झालं नाही. 1841 मध्ये मुलगा जॉन वेस्ली काँग्रेसमध्ये असताना त्या वसाहतकऱ्यांसाठी कायदा झाला, तोही फुकट जमिनीचा नव्हे, स्वस्तात विकत घेण्याच्या पहिल्या हक्काचा.