रक्त कामगाराचं आणि खाडाही कामगाराचाच?

आज 1 ऑक्टोबर, राष्ट्रीय ऐच्छिक रक्तदान दिन. सकाळपासून शिबिरांचे फोटो येतायत. त्यातल्या एका फोटोत सोलापूरच्या पूर्व भागातला ओळखीचा विणकर दिसला. अंगात कारखान्याने दिलेला टी-शर्ट, हातात प्रमाणपत्र, मागे बॅनरवर चीनमध्ये रुग्णसेवा केलेले सोलापूरचे डॉ. कोटणीस. खाली मालकांच्या समाजसेवेचं कौतुक.

शिबिर परवा झालं, फोटो आज टाकलेत. मधल्या दिवसाचं कुणी लिहिलेलं नाही, म्हणून मी लिहितोय. अकरा वाजता त्याने 350 मिली रक्त दिलं, कॉफी-बिस्कीट घेतलं आणि साडेअकराला परत मागावर उभा राहिला. तासाभरात डोळ्यापुढे अंधारी आली. माग बंद करून तो खाली बसला. काम पीस रेटवर, म्हणजे जेवढे टॉवेल कमी निघाले तेवढी मजुरी गेली. काल अशक्तपणामुळे घरी राहिला, तर मस्टरवर खाडा पडला आणि हजेरीचा बोनसही गेला.

हे समाजकार्य कारखान्याचं कसं झालं, मला कुणीतरी सांगा. रक्त त्याचं, वेळ त्याचा, मजुरी त्याची. कारखान्याचा फक्त टी-शर्ट.

यात नियमाचाही भंग आहे. रक्तदात्याच्या निकषांत स्पष्ट म्हटलंय की ज्याचं काम कष्टाचं आहे त्याने रक्त दिल्यावर पुढची पाळी किमान 24 तासांनी असावी. रात्रपाळी करून पुरेशी झोप न घेतलेल्या माणसाचं रक्त घ्यायचंच नाही. लांब पल्ल्याच्या गाडीचे ड्रायव्हरही 24 तासांच्या नियमात येतात. आठ-दहा तास उभं राहून चालणाऱ्या मागांवर नजर ठेवणं, तुटलेला धागा वाकून जोडणं, हे कष्टाचं काम नाही असं म्हणणाऱ्याने एक पाळी मागांमध्ये काढावी. तिथे चक्कर येऊन माणूस पडला तर तो चालत्या पट्ट्यावर पडतो.

तेव्हा शिबिर घ्यायचं तर साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या दिवशी, पाळी संपल्यावर घ्या. दात्याच्या पोटात गेल्या चार तासांतलं जेवण हवं. उपवासाच्या दिवशी शिबिर ठेवूच नका. वजन किमान 45 किलो, हिमोग्लोबिन 12.5. 450 मिली घ्यायचं तर वजन 55 च्या वर लागतं. पुरुषाने दोन रक्तदानांत 90 दिवस आणि बाईने 120 दिवसांचं अंतर ठेवायचं. हिमोग्लोबिन कमी म्हणून परत पाठवलेल्या बायकांची संख्या मोठी असते. त्यांचा आकडा चिठ्ठीवर लिहून हातात द्या आणि डॉक्टरकडे जायला अर्धा दिवस भरपगारी द्या. तेही शिबिराचंच काम आहे.

आता पैशाचं. महिन्याच्या पगारावरच्या ऑफिसातल्या माणसाला सुट्टी दिली की विषय संपतो. केंद्र सरकार आपल्या कर्मचाऱ्यांना रक्तदानाच्या दिवशी विशेष नैमित्तिक रजा देतं, वर्षातून चार वेळांपर्यंत. पीस रेटवाल्याला नुसती सुट्टी म्हणजे दंड. त्याच्या मागच्या तीन महिन्यांच्या मजुरीला कामाच्या दिवसांनी भागा, जो आकडा येईल तो रक्तदानानंतरच्या विश्रांतीच्या दिवसाचा रोज. मस्टरवर खाड्याच्या जागी वेगळी खूण करा, नाहीतर पगार करणारा कारकून सवयीने बोनस कापतो. या विणकराचं नेमकं तेच झालं. मालकाने कदाचित ‘कापा’ म्हटलंही नसेल, पण ‘कापू नका’ असंही कुणी लिहून ठेवलं नव्हतं. पुरावा म्हणून रक्तपेढीचं कार्ड पुरे आहे.

‘हे सगळं सीएसआरमधून, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चातून बसवू,’ असं एक जण शिबिराच्या फोटोखालच्या कमेंटमध्ये म्हणाला. नाही बसत. कंपनी कायद्याचं कलम 135 लागू होतं ते 500 कोटी नक्त मालमत्ता, 1000 कोटी उलाढाल किंवा 5 कोटी निव्वळ नफा यांपैकी एक असलेल्या कंपनीला. तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के खर्च करायचे. त्यात कर्मचाऱ्यांनी सेवेला दिलेल्या वेळेची किंमत लावून धरता येत नाही. म्हणजे हा रोज मालकाच्या खिशातूनच जायला हवा. तसा गेला तरच त्याला पाठिंबा म्हणता येईल.

बरं, मान्य. आठ माग असलेल्या कारखानदाराला हे जड जातं. टॉवेलच्या ऑर्डरची तारीख ठरलेली, सूत उधारीवर, त्यात माग बंद. त्याच्यावर माझा राग नाही. अशा माणसाच्या कारखान्यात पंधरा जणांनी एका दिवशी रक्त देऊच नये. महिन्याला दोघांनी द्यावं. त्यांचे माग बदली कामगाराने सांभाळावेत, आणि शेजारच्या पाच-सहा कारखानदारांनी मिळून असा एक बदली ठरवून ठेवावा.

आणि खरं तर रक्तपेढीलाही तेच सोयीचं. लाल पेशी 35 ते 42 दिवस टिकतात, प्लेटलेट फक्त 5 दिवस. मालकाच्या वाढदिवसाला एका दुपारी तीनशे पिशव्या जमवायच्या आणि मे महिन्यात, कॉलेजं बंद, ऊन चाळिशीच्या वर, तेव्हा नातेवाइकांना रक्तासाठी वणवण फिरायला लावायचं, हे नको. मोठ्या कारखान्यांनी वर्षात चार छोटी शिबिरं घ्यावीत, त्यातलं एक मेच्या पहिल्या आठवड्यात. रक्तगटाप्रमाणे कामगारांची यादी करून ठेवावी. यादी कामगारांच्या संमतीनेच करायची आणि ‘आत्ता जमणार नाही’ म्हणणाऱ्याला कारण विचारायचं नाही. मुकादमाने नावं पुकारली की ऐच्छिक काही उरत नाही.

डॉ. कोटणीस 1938 मध्ये चीनला गेले, 1942 मध्ये तिथेच वारले. त्यांच्या गावाला सेवा शिकवावी लागत नाही. त्या विणकराला मी दुपारी फोन केला. नव्वद दिवसांनी परत रक्त देणार म्हणतो. ऐकून बरं वाटलं आणि वाईटही. तोपर्यंत त्याच्या मस्टरवरचा खाडा दुरुस्त व्हावा, एवढंच मागतोय. ज्यांच्या हातात मस्टर आहे असे बरेच जण माझ्या मित्रयादीत आहेत. या महिन्याचा पगार अजून निघायचाय.